मोटारीच्या तेलाचा ताप

सांप्रत आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या दारांत गोठ्याशेजारीं एखादी मोटार किंवा जीप उभी असते. मालाचा नमुना बाजारांत नेणें, बियाणें व औषधें आणणें, घरांतील आजाऱ्यास रात्रीं-अपरात्रीं तालुक्याच्या गांवीं पोंचविणें, हीं सर्व कामें तिच्यावर पडतात. परंतु बैलाच्या खुराकाची व विसाव्याची जी काळजी आपण घेतों, तिचा चौथा हिस्साही या यंत्राच्या वाट्यास येत नाहीं. रेडिएटरांत पाणी आहे एवढें पाहिलें कीं आपलें कर्तव्य संपलें, असें आपण समजतों. वस्तुतः इंजिनाची उष्णता वाहून नेणारें दुसरें एक द्रव्य त्याच्या पोटांत असतें, आणि तें म्हणजे वंगणाचें तेल. त्याचा ताप वाढला तर पाण्याचा कांटा ती बातमी वेळेवर सांगत नाहीं. हा धडा आम्हांस फुकट मिळालेला नाहीं. म्हणूनच तो वाचकांपुढें मांडीत आहों.

आमचा अनुभव

सन २०१८ च्या मे महिन्यांत चिपळूणकडील एक लग्न आटोपून आम्ही कुंभार्ली घाटानें कऱ्हाडकडे परत येत होतों. गाडींत मोठीं माणसें पांच, टपावर आंब्यांच्या पेट्या, वेळ भर दुपारची, आणि वातानुकूलनाचें यंत्र चालू. घाट चढेपर्यंत पाण्याचा कांटा मध्यावरच होता, त्यामुळें आम्ही निश्चिंत होतों. माथ्यावर गाडी थांबवून इंजिन मंद चालू ठेविलें, तोंच तेलाच्या दाबाचा तांबडा दिवा लुकलुकूं लागला. पाणी पाहिलें तर तें ठीक. थोड्या वेळानें दिवा विझला, असें पाहून आम्हीं गाडी तशीच पुढें हांकली. पाटणच्या अलीकडे इंजिनाच्या तळांतून ठोके ऐकूं येऊं लागले, आणि अखेर गाडी ओढून कऱ्हाडास न्यावी लागली. मिस्त्रीनें इंजिन उघडलें, तों क्रँकचीं बेअरिंगें झिजून त्यांचा वरचा थर नाहींसा झालेला व आंतील तांबें उघडें पडलेलें. त्या दुरुस्तीच्या पैशांत आमच्या एक एकर उसास ठिबकाच्या नळ्या बसल्या असत्या.

दिवा पाहूनही पुढें जाणें ही चूक उघड होती. परंतु तिच्या आधींच्या तीन चुका मिस्त्रीनें दाखविल्या. पल्ला लांबचा आहे, तेल जास्त असलेलें बरें, या समजुतीनें आम्हीं निघण्यापूर्वी वरच्या खुणेच्याही वर लिटराहून अधिक तेल ओतलें होतें. इंजिनाच्या खालच्या पत्र्यावर आमच्याच शेताचा चिखल दोन बोटें वाळून बसला होता. आणि रेडिएटरांत वर्षानुवर्षें विहिरीचें पाणी पडत होतें. दोष गाडीचा नव्हता, तो सर्वस्वीं आमचा होता.

तेल कां तापतें

इंधनाच्या उष्णतेपैकीं साधारणतः एक तृतीयांशाच्या आसपास भाग इंजिनाच्या कामीं येतो. उरलेली बहुतेक उष्णता धुराच्या व पाण्याच्या वाटेनें बाहेर जाते. परंतु पिस्टनाची खालची बाजू व क्रँकचीं बेअरिंगें या ठिकाणीं पाणी पोंचूं शकत नाहीं. तेथील उष्णता उचलण्याचें काम तेलासच करावें लागतें. अनेक इंजिनांत तर पिस्टनावर खालून तेलाची पिचकारी मारण्याची मुद्दाम योजना केलेली असते. शिवाय तेलाचे थर एकमेकांवर घांसल्यानेंही उष्णता निर्माण होते, आणि इंजिनाचे फेरे वाढले कीं ती फार झपाट्यानें वाढते.

सपाट रस्त्यावर बेताच्या चालीनें जातांना तेलाची उष्णता साधारणतः ९० ते ११० अंश सेंटिग्रेड असते. ओझें घेऊन लांब चढ चढतांना ती १२० च्या वर, क्वचित् १३० च्याही पुढें जाते. तेल तापलें कीं पातळ होतें. पातळ तेलाचा पापुद्रा बेअरिंगांत टिकत नाहीं आणि मग धातूस धातू लागतो. दुसरें असें कीं, उष्णता दर १० अंशांनीं वाढली म्हणजे हवेशीं संयोग होऊन तेल बिघडण्याचा वेग सुमारें दुप्पट होतो, असा रसायनज्ञांचा ठोकळ हिशेब आहे. असें तेल काळें व चिकट होऊन त्याचा राप आंत सर्वत्र बसतो.

पाण्याच्या उष्णतेवर थर्मोस्टॅटची व पंख्याची राखण असते. बहुतेक मोटारींत तेलावर तशी स्वतंत्र राखण नसते. तेल पाण्याच्या मागून तापतें व मागूनच निवतें. म्हणून पाण्याचा कांटा मध्यावर असतांनाही तेल त्याहून २०-३० अंश अधिक तापलेलें असूं शकतें. घाटांत आम्ही फसलों तें येथेंच.

तेल फार थंडही नसावें

तथापि तेल जितकें थंड तितकें चांगलें, असा अर्थ कोणीं घेऊं नये. एक लिटर पेट्रोल जळलें म्हणजे धुरांत सुमारें एक लिटर पाणी वाफेच्या रूपानें तयार होतें. त्यांतील थोडा अंश पिस्टनाच्या कड्यांमधून खालीं तेलांत झिरपतो. तेल १०० अंशांच्या आसपास तापलें तर ती वाफ निघून जाते. न तापल्यास तेलांत पाणी व इंधन सांचून त्याचा चिखल होतो. घरापासून मळ्यापर्यंत दोन मैल जाऊन थांबणाऱ्या गाडीचें तेल याच कारणानें लवकर खराब होतें. इंजिन तापतें म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाका, असा सल्ला कित्येक ठिकाणीं मिळतो. तो ऐकूं नये. त्यानें हिंवाळ्यांत इंजिन तापेनासें होतें, आणि उन्हाळ्यांतील तापाचें मूळ कारण मात्र जागच्या जागीं राहतें.

उपाय, स्वस्तापासून महागापर्यंत

१. तेलाची पातळी. गाडी सपाट जागीं उभी करून, इंजिन बंद केल्यावर पांच-दहा मिनिटांनीं पट्टी पुसून पाहावी. तेल दोन खुणांच्या मध्यें, वरच्या खुणेजवळ असावें. तें कमी असल्यास तेवढाच ताप थोड्या तेलास सोसावा लागतो. तें फार जास्त असल्यास फिरता क्रँक त्यास घुसळतो, तेलास फेंस येतो, आणि फेंसाळ तेल ना वंगण करतें, ना उष्णता नेतें. घुसळण्यानें तें आणखी तापतें हें वेगळेंच. या उपायास एक पैसाही लागत नाहीं.

२. योग्य जातीचें तेल. डब्यावरील १५डब्ल्यू-४० अशा आंकड्यांत पहिला आंकडा थंडींतील वर्तन दाखवितो, आणि दुसरा १०० अंशांवरील दाटपणाची प्रत. हे उष्णतेचे अंश नव्हेत. तेल जाड घातलें म्हणजे इंजिन थंड राहील, हा समज खरा नाहीं. जाड तेलास घर्षण अधिक, म्हणून तें स्वतःच अधिक तापतें. गाडीबरोबरच्या पुस्तकांत जी प्रत सांगितली असेल तीच घालावी, आणि ओझें व धूळ यांत चालणाऱ्या गाडीचें तेल पुस्तकांतील कठीण कामाच्या मुदतीप्रमाणें बदलावें.

३. रेडिएटरांतील पाणी. पाणी उष्णता नीट नेईनासें झालें कीं इंजिनाची भिंत तापते व तो ताप तेलावर पडतो. विहिरीचें किंवा बोअरचें जड पाणी घातल्यास आंत क्षारांची खपली धरते, व ती उष्णता अडवून ठेवते. उर्ध्वपातित पाणी व कूलंट यांचें पुस्तकांत सांगितलेलें मिश्रणच वापरावें. टोपणाचें रबर व स्प्रिंग तपासावी. आंतील दाब बाहेरील हवेपेक्षां एक वातावरणानें अधिक राहिला, तर पाणी १०० ऐवजीं सुमारें १२० अंशांवर उकळतें. टोपण ढिलें पडलें कीं हा लाभ नाहींसा होतो. इंजिन गरम असतांना मात्र हें टोपण कदापि उघडूं नये. उकळतें पाणी अंगावर उसळतें.

४. वाऱ्याची वाट. रेडिएटराच्या जाळींत पाचटाचा चुरा, भुसा, किडे व धूळ अडकते. ती आंतल्या बाजूनें बाहेरच्या बाजूस, पाण्याच्या हलक्या धारेनें धुवावी. जोराच्या फवाऱ्यानें जाळीचे पातळ पदर दुमडतात. ज्या तळपात्रांत तेल सांठतें, त्यास मिस्त्री चेंबर म्हणतात. त्याच्या पाठीवरून वारा गेला तर तेल निवतें. तेथें चिखलाचा लेप बसला कीं तेलास गोधडी पांघरल्यासारखें होतें. पावसाळा संपतांच तो खरवडून काढावा. खालचा संरक्षक पत्रा बाजारांतून आणून बसविला असल्यास त्यास वारा जाण्यास भोकें आहेत कीं नाहींत, हेंही पाहावें.

५. हांकण्याची रीत. घाटांत इंजिन कण्हेल इतका वरचा गिअरही नको, आणि तें किंचाळेल इतका खालचाही नको. चाल उतरवून मधल्या फेऱ्यांवर चढावें. वातानुकूलनाची उष्णता टाकणारी जाळी रेडिएटराच्या पुढें असते व तिचा गरम वारा मागें येतो. यास्तव लांब चढावर तें यंत्र बंद ठेवावें. माथ्यावर पोंचल्यावर, कोणताही तांबडा दिवा लागलेला नसल्यास, इंजिन एकदम बंद न करितां मिनिटभर मंद चालूं द्यावें. टर्बो असलेल्या गाडीस याची विशेष गरज. नाहींतर त्याच्या तापलेल्या दांड्यावर अडकलेलें तेल जळून कोळसा होतें.

६. मोजमाप. ज्यांस वरचेवर घाट ओलांडावे लागतात किंवा मागें ओझें ओढावें लागतें, त्यांनीं जाणत्या मिस्त्रीकडून तेलाच्या उष्णतेचा कांटा बसवून घ्यावा. आम्हीं दुरुस्तीनंतर तो बसविला. चाल थोडी उतरविली कीं कांटा खालीं येतो, हें डोळ्यांनीं दिसूं लागल्यावर आमची हांकण्याची रीत आपोआप बदलली.

७. तेल निवविण्याचें यंत्र. ऑइल कूलर हा अखेरचा उपाय समजावा. एका प्रकारांत तेल बारीक नळ्यांतून फिरवून त्यावर वारा घेतात. दुसऱ्यांत तेलाची उष्णता रेडिएटराच्या पाण्यास देतात. पहिला बसविल्यास त्यांत थर्मोस्टॅट असलाच पाहिजे, नाहींतर हिंवाळ्यांत तेल तापणारच नाहीं. त्याचा प्रत्येक सांधा ही तेल गळण्याची नवी जागा होय, हेंही ध्यानांत ठेवावें. आणि हा वारा फुकट मिळत नाहीं. जर्मनीच्या फोक्सवागन कारखान्याच्या प्रसिद्ध बीटल मोटारीचें इंजिन वाऱ्यानें निवणारें होतें. तिचा ऑइल कूलर पंख्याच्या पेटींतच उभा असल्यामुळें त्याच्यामागील तिसऱ्या सिलिंडरास पुरेसा थंड वारा मिळेना. अखेर १९७० च्या सुमारास कारखान्यानें तो कूलर मुख्य प्रवाहांतून बाजूस काढला. एकाचा ताप उतरवितांना तो दुसऱ्याच्या डोक्यावर जात नाहीं ना, हें कारखानदारांसही पाहावें लागलें. आपण तर अवश्य पाहावें.

उपसंहार

पहिले पांच उपाय केल्यावर सहाव्या-सातव्याची गरज सामान्य गाडीस बहुधा पडत नाहीं, असें आमचें मत आहे. हेच नियम ट्रॅक्टरासही लागू आहेत. मळणीच्या दिवसांत त्याची जाळी तर रोज संध्याकाळीं साफ केली पाहिजे.

सरतेशेवटीं एकच विनंती. तेलाचा तांबडा दिवा क्षणभरही लागला, तर रस्त्याच्या कडेस गाडी उभी करून इंजिन तत्काळ बंद करावें, आणि कारण सांपडेपर्यंत तें चालू करूं नये. लग्नाचा मुहूर्त असो कीं बाजाराची वेळ असो, पुढें रेटूं नये. बैल लंगडूं लागला तर आपण त्याच्या मानेवरचें जूं तेथल्या तेथें उतरवितों. गांव चार कोस राहिलें म्हणून त्यास मारीत नेत नाहीं. तो दिवा म्हणजे यंत्राचें लंगडणेंच होय. कुंभार्लीच्या माथ्यावर आम्हांस तें ओळखतां आलें नाहीं. आमच्या वाचकबंधूंनीं तें ओळखावें.