तुटलेला पडदा : दुरुस्ती की नवी खरेदी?

मुलांनो, आपले सोलापूर चादरी व टॉवेल यांसाठी प्रसिद्ध आहे. यंत्रमागाचा धोटा झिजला, तर मालक सगळा माग भंगारात काढत नाही. तो धोटा बदलतो आणि माग पुन्हा सुरू करतो. पण रोज नवा बिघाड होऊ लागला, तर मात्र तो वेगळा विचार करतो. लॅपटॉपचेही असेच आहे.

समजा, तुमची आपा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. अब्बांनी यंत्रमागावर जादा पाळ्या करून, प्रवेशाच्या वेळी तिला लॅपटॉप घेऊन दिला. एके दिवशी कीबोर्डवर पेन राहिले आणि तिने झाकण मिटले. पडद्याला तडा गेला. प्रकल्प चार दिवसांत द्यायचा आहे. मामू म्हणतात, "हप्त्यांवर नवा घ्या." अब्बा गप्प बसतात. अशा वेळी काय करावे?

प्रथम पडदा कसा असतो ते पाहू. काचेच्या दोन पातळ थरांमध्ये द्रवस्फटिक नावाचा पदार्थ असतो. त्याचा शोध ऑस्ट्रियाचे वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीड्रिख रायनित्झर यांना १८८८ साली लागला. या थरांमागे दिवे असतात. द्रवस्फटिक त्यांचा प्रकाश कोठे अडवतो, तर कोठे जाऊ देतो. त्यातून चित्र दिसते. काच तडकली की आतील सूक्ष्म वाहक रेषा तुटतात. त्या सांधता येत नाहीत. म्हणून 'पडद्याची दुरुस्ती' म्हणजे पडदाच बदलणे होय.

आता घाई न करता एक सोपी परीक्षा करा. लॅपटॉप एचडीएमआय तारेने घरच्या टीव्हीला जोडा. टीव्हीवर चित्र स्वच्छ आले, तर आतील यंत्रणा बहुधा ठीक आहे, दोष पडद्यातच आहे. शिवाय आपाचा प्रकल्पही टीव्हीवर पूर्ण होईल आणि विचार करायला वेळ मिळेल. याच वेळी महत्त्वाच्या फाइली पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. टीव्हीवरही चित्र आले नाही, तर बिघाड पडद्यापुरता नसावा. अशा वेळी जाणकाराला दाखवल्याशिवाय पडदा विकत घेऊ नका.

नंतर दोन दुकानांत भाव विचारा. पडद्याची किंमत, मजुरी आणि हमी यांची वेगवेगळी नोंद पावतीवर करून घ्या. पडद्याच्या मागे छापलेला क्रमांक नव्या पडद्याशी जुळवून पाहा. मापाने सारखे दिसणारे पडदेही जोडणीत वेगळे असू शकतात.

आता हिशेब करू. समजा, पडदा व मजुरी मिळून ५,५०० रुपये होतात. तशाच चालू स्थितीतील जुन्या लॅपटॉपला बाजारात १६,००० रुपये पडतात. खर्च निम्म्याहून कमी आहे आणि बाकी भाग चांगले आहेत. तेव्हा पडदा बदलणे शहाणपणाचे. पण बिजागरी मोडली असेल, बॅटरीही संपली असेल आणि एकूण खर्च ९,५०० रुपयांवर जात असेल, तर दुसरा लॅपटॉप पाहावा. वयही लक्षात घ्यावे. विंडोज १० या प्रणालीला मायक्रोसॉफ्टने दिलेले नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. फार जुन्या लॅपटॉपवर पुढची आवृत्ती चालत नाही. त्यावर मोठा खर्च करण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

दुरुस्ती हा ग्राहकाचा हक्क आहे, हा विचार आता आपल्या देशातही रुजत आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' हे संकेतस्थळ सुरू केले. तेथे कंपन्यांच्या दुरुस्तीसेवेची माहिती मिळते.

आणि तुटलेला पडदा? तो कचराकुंडीत टाकू नका. बऱ्याच जुन्या पडद्यांच्या दिव्यांत पारा असतो. तो माती व पाणी दूषित करतो. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत. असा कचरा अधिकृत संकलन केंद्रातच द्यावा.

मुलांनो, वस्तू मोडली की प्रथम मन घाबरते. अशा वेळी आधी तपासावे, मग हिशेब करावा आणि नंतरच पैसे खर्च करावेत. तुमच्या हिशेबाच्या कागदामुळे अब्बांच्या चार जादा पाळ्या वाचल्या, तर ते शिक्षण सार्थकी लागले असे समजा.