चॅम्पियन्स लीगची बाद फेरी : बरोबरी झाल्यास विजेता कसा ठरतो?

युरोपातील क्लब फुटबॉलमध्ये सर्वोच्च मानाची समजली जाणारी युएफा चॅम्पियन्स लीग स्पर्धा दरवर्षी फेब्रुवारीत बाद फेरीत प्रवेश करते. साखळीत एखादा सामना गमावला तरी पुढील सामन्यात त्याची भरपाई करता येते. बाद फेरीत मात्र ही सवलत नसते. दोन सामन्यांअखेर ज्याचे गोल कमी, तो संघ स्पर्धेबाहेर जातो. परंतु दोन्ही संघांचे गोल सारखेच झाले तर? हा प्रश्न वरकरणी तांत्रिक वाटतो. मात्र त्याचे उत्तर गेल्या सात दशकांत अनेकदा बदलले आहे आणि त्यावर क्लबांच्या वर्षभराच्या परिश्रमांचे फळ अवलंबून राहिले आहे.

स्पेनच्या ॲटलेटिको माद्रिद क्लबला याचा अनुभव लागोपाठ दोन वर्षे आला. २०२४ मध्ये इटलीच्या इंटर मिलानविरुद्ध त्याने पहिला सामना मिलानमध्ये ०-१ असा गमावला आणि १३ मार्च रोजी माद्रिदमध्ये दुसरा सामना २-१ असा जिंकला. एकत्रित गोलसंख्या २-२ झाली. अतिरिक्त वेळेतही कोंडी फुटली नाही आणि पेनल्टी शूटआऊटमध्ये ॲटलेटिको ३-२ असा विजयी ठरला. पुढच्याच वर्षी त्याची गाठ शहरातील प्रतिस्पर्धी रेयाल माद्रिदशी पडली. पहिला सामना रेयालच्या मैदानावर १-२ असा गमावल्यानंतर १२ मार्च २०२५ रोजी ॲटलेटिकोने घरच्या मैदानावर १-० असा विजय मिळवला. पुन्हा २-२ अशी बरोबरी झाली, पुन्हा शूटआऊट झाले, पण या वेळी तो २-४ असा पराभूत झाला.

२०२१ पर्यंत लागू असलेला एक नियम कायम राहिला असता, तर हे दोन्ही निकाल नेमके उलट लागले असते. २०२४ मध्ये इंटर मिलान पुढे गेला असता, तर २०२५ मध्ये ॲटलेटिको. हा नियम कोणता होता, तो का आला आणि का गेला, हे समजून घेतल्यास बाद फेरीचे स्वरूप अधिक स्पष्ट होते.

बाद फेरीची रचना

२०२४-२५ च्या हंगामापासून स्पर्धेच्या मुख्य टप्प्यात ३६ संघ खेळतात. सर्वांची एकच गुणतालिका असते आणि प्रत्येक संघाच्या वाट्याला आठ सामने येतात. पहिले आठ संघ थेट अंतिम सोळा संघांच्या फेरीत दाखल होतात. नवव्या ते चोविसाव्या क्रमांकाचे संघ उरलेल्या आठ जागांसाठी आपसांत प्ले-ऑफ लढती खेळतात. पंचविसाव्या क्रमांकापासून खालच्या संघांचे आव्हान तेथेच संपुष्टात येते.

अंतिम सामना वगळता बाद फेरीतील प्रत्येक लढत दोन सामन्यांची असते. एक सामना आपल्या मैदानावर, दुसरा प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर. घरच्या प्रेक्षकांचा पाठिंबा आणि परिचित मैदान यांचा लाभ दोघांनाही समान मिळावा, हा त्यामागील हेतू आहे. अंतिम सामना मात्र एकच असतो आणि तो आधीच निश्चित केलेल्या मैदानावर होतो. या पद्धतीला २०२० मध्ये अपवाद करावा लागला. कोरोनाच्या साथीमुळे त्या वर्षी उपांत्यपूर्व आणि उपांत्य फेरीच्या लढती लिस्बन शहरात एकेका सामन्यातच निकाली काढण्यात आल्या.

साखळीतील वरचे स्थान बाद फेरीतील यशाची हमी देत नाही. २०२४-२५ मध्ये लिव्हरपूल गुणतालिकेत पहिला होता, तर पॅरिस सेंट-जर्मेन पंधरावा. अंतिम सोळा संघांच्या फेरीत या दोघांनी एकमेकांच्या मैदानावर १-० असे विजय मिळवले आणि शूटआऊटमध्ये पॅरिसच्या संघाने बाजी मारली. पुढे अंतिम सामन्यात इंटर मिलानला ५-० असे नमवून याच संघाने विजेतेपदही पटकावले.

नाणेफेकीचे दिवस

ही स्पर्धा १९५५ मध्ये युरोपियन कप या नावाने सुरू झाली. फ्रान्समधील 'लेकिप' या क्रीडा दैनिकाचे संपादक गाब्रिएल आनो यांनी तिची कल्पना मांडली होती. त्या काळी दोन सामन्यांनंतर बरोबरी झाल्यास तटस्थ ठिकाणी तिसरा सामना खेळवला जाई. तोही बरोबरीत सुटला, तर नाणेफेकीचा आधार घेतला जाई.

या पद्धतीतील विसंगती १९६५ मध्ये प्रकर्षाने समोर आली. उपांत्यपूर्व फेरीत लिव्हरपूल आणि जर्मनीचा कोलोन या संघांतील पहिले दोन्ही सामने गोलशून्य बरोबरीत सुटले. रॉटरडॅम येथील तिसरा सामना अतिरिक्त वेळेनंतरही २-२ असा बरोबरीत राहिला. एकूण ३०० मिनिटांच्या खेळानंतर निकाल नाणेफेकीवर सोपवण्यात आला. पहिल्या खेपेस उडवलेली चकती चिखलात उभीच रुतली, असे सांगितले जाते. दुसऱ्या खेपेस कौल लिव्हरपूलच्या बाजूने लागला. १९६९ मध्ये स्कॉटलंडचा सेल्टिक आणि पोर्तुगालचा बेन्फिका यांनी एकमेकांना ३-० असे हरवले, तेव्हाही निवाडा नाण्यानेच केला आणि सेल्टिक पुढे गेला.

अखेर १९७०-७१ पासून नाणेफेकीची जागा पेनल्टी शूटआऊटने घेतली. ४ नोव्हेंबर १९७० रोजी इंग्लंडच्या एव्हर्टनने बोरुसिया मोन्शनग्लाडबाखवर मिळवलेला विजय हा युरोपियन कपमधील शूटआऊटवर लागलेला पहिला निकाल होय. अंतिम सामन्याच्या बाबतीत मात्र फेरसामन्याची प्रथा काही काळ टिकून होती. १९७४ च्या अंतिम सामन्यात ॲटलेटिको माद्रिद अतिरिक्त वेळेच्या शेवटच्या मिनिटापर्यंत १-० असा आघाडीवर होता. त्याच मिनिटाला बायर्न म्युनिकने बरोबरी साधली आणि दोन दिवसांनी झालेला फेरसामना ४-० असा जिंकला.

पाहुण्या संघाच्या गोलाचे मोल

शूटआऊटपूर्वीच आणखी एक नियम अस्तित्वात आला होता. बरोबरी झाल्यास प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर अधिक गोल करणारा संघ विजयी ठरवावा, असा हा 'अवे गोल' नियम होय. कप विनर्स कप या युरोपातील दुसऱ्या स्पर्धेत तो १९६५-६६ मध्ये प्रथम लागू झाला आणि युरोपियन कपमध्ये १९६७-६८ पासून टप्प्याटप्प्याने आला.

परक्या मैदानावरील गोल दुप्पट मोजला जातो, असा एक समज रूढ होता. तो बरोबर नव्हता. गोल एकच धरला जाई. एकत्रित संख्या समान झाली, तरच तो कोठे झाला हे पाहिले जाई.

त्या काळातील परिस्थिती पाहता हा नियम न्याय्य होता. परदेशातील प्रवास कष्टाचा असे, मैदानांचा दर्जा एकसारखा नसे आणि पाहुणा संघ बहुधा बचावात्मक पवित्रा घेई. त्याने आक्रमण करावे, यासाठी हे प्रोत्साहन होते. या नियमाने अनेक रोमहर्षक क्षणही दिले. २००९ च्या उपांत्य लढतीत लंडनमध्ये चेल्सीविरुद्ध बार्सिलोनाच्या इनिएस्टाने भरपाई वेळेत केलेल्या एका गोलाने सामना १-१ असा बरोबरीत सुटला. पहिला सामना गोलशून्य असल्याने तेवढ्यावर बार्सिलोना अंतिम फेरीत पोहोचला. २०१७ मध्ये पॅरिसमध्ये ०-४ असा हरलेला बार्सिलोना घरच्या मैदानावर ३-० असा पुढे असताना कावानीने पॅरिसच्या संघासाठी एक गोल केला. त्यामुळे ५-५ अशी बरोबरी बार्सिलोनाच्या कामाची राहिली नाही, त्यांना एकूण सहा गोल करणे भाग पडले. शेवटच्या काही मिनिटांत तीन गोल करून त्यांनी ते साधले.

नियमाची दुसरी बाजू

या नियमातील उणिवाही हळूहळू उघड होत गेल्या. २००३ च्या उपांत्य फेरीत मिलान शहरातील एसी मिलान आणि इंटर मिलान समोरासमोर आले. दोघांचे मैदान एकच, सॅन सिरो. सामने ०-० आणि १-१ असे बरोबरीत सुटले. दुसऱ्या सामन्यात एसी मिलान कागदोपत्री पाहुणा असल्यामुळे त्याचा गोल निर्णायक ठरला. कोणताही संघ आपले मैदान सोडून कोठेही गेला नव्हता, तरीही एक संघ परक्या मैदानावरील गोलामुळे बाद झाला.

दुसरा आक्षेप अतिरिक्त वेळेविषयी होता. ही वेळ दुसऱ्या सामन्याअखेर असल्याने पाहुण्या संघाला मोलाचा गोल करण्यासाठी ३० मिनिटे जास्त मिळत. २०२१ मध्ये पोर्तोने तुरिन येथे युव्हेंटसविरुद्ध अतिरिक्त वेळेतच असा गोल केला. युव्हेंटसने तो सामना ३-२ असा जिंकला, एकत्रित संख्या ४-४ झाली आणि पोर्तो पुढे गेला.

तिसरा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा होता. पाहुण्यांना आक्रमक करण्यासाठी आणलेला नियम यजमानांनाच भित्रे करू लागला होता. विशेषतः पहिल्या सामन्यात गोल स्वीकारण्याची धास्ती इतकी असे, की यजमान संघ आक्रमण करण्यास कचरत.

२४ जून २०२१ रोजी युएफाने हा नियम रद्द केला. त्या वेळी संघटनेने दिलेली आकडेवारी बोलकी आहे. १९७० च्या दशकाच्या मध्यास यजमान संघ ६१ टक्के आणि पाहुणे संघ १९ टक्के सामने जिंकत. नियम रद्द होताना हे प्रमाण ४७ आणि ३० टक्के झाले होते. यजमान संघाचे सरासरी गोल २.०२ वरून १.५८ पर्यंत उतरले, तर पाहुण्यांचे ०.९५ वरून १.१५ पर्यंत वाढले. प्रवास सुखकर झाला, मैदाने एकसारखी झाली, पंचांच्या मदतीला तंत्रज्ञान आले. ज्या विषमतेवर उपाय म्हणून नियम आला, ती विषमताच बरीच ओसरली होती.

प्रश्न सुटला का?

आता दोन सामन्यांअखेर बरोबरी झाल्यास ३० मिनिटांची अतिरिक्त वेळ आणि त्यानंतर शूटआऊट, एवढाच मार्ग उरला आहे. मात्र शूटआऊटही वादातीत नाही. २०२५ च्या त्या लढतीत ॲटलेटिकोच्या हुलियान अल्वारेझने पेनल्टीवर चेंडू जाळ्यात धाडला, परंतु घसरताना त्याच्या दोन्ही पायांचा चेंडूला स्पर्श झाल्याच्या कारणावरून तो गोल नाकारण्यात आला. त्यानंतर जून २०२५ मध्ये खेळाचे नियम ठरवणाऱ्या मंडळाने स्पष्टीकरण दिले, की असा दुहेरी स्पर्श अनवधानाने झाला आणि चेंडू गोलमध्ये गेला, तर किक पुन्हा घ्यावी. ॲटलेटिकोला अर्थातच त्याचा उपयोग नव्हता.

भारतीय वाचकांना या प्रसंगी २०१९ च्या क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना आठवेल. सुपर ओव्हरही बरोबरीत सुटल्यावर चौकार-षटकारांच्या संख्येवर इंग्लंडला विजयी ठरवण्यात आले आणि त्याच वर्षी तो नियम बदलण्यात आला. न्यूझीलंडचा पराभव मात्र बदलला नाही.

मैदानावर दोन संघ खरोखरच तुल्यबळ ठरतात, तेव्हा कोणताही नियम त्यांच्यात पूर्ण न्याय करू शकत नाही. तो फक्त निर्णय देऊ शकतो. त्या निर्णयाची पद्धत दोघांना आधीपासून ठाऊक असावी आणि ती दोघांनाही सारखीच लागू व्हावी, एवढीच अपेक्षा रास्त होय. शूटआऊटपूर्वी पंच आजही नाणे उडवतात. फरक एवढाच, की १९६५ मध्ये ते नाणे विजेता ठरवत होते, आज ते पहिली किक कोणी घ्यावी हे ठरवते. पुढचे काम खेळाडूंच्या पायांवर सोपवलेले असते.