फ्रँक रॉबिन्सन: बेसबॉलचा पहिला कृष्णवर्णीय मॅनेजर

इअरफोन लावून पूर्ण भाग ऐकायला ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी हे लेखी रूप. आज क्रिकेट नाही, बेसबॉल. थांबा, लगेच स्क्रोल करून जाऊ नका! नियम माहीत नसले तरी चालेल. फक्त एक गोष्ट आधी समजून घ्या: बेसबॉलमध्ये मॅनेजर म्हणजे नक्की कोण?

क्रिकेटमध्ये मैदानावर कप्तानाचं चालतं, कोच बाहेर बसून वहीत काहीतरी लिहीत असतो. बेसबॉलमध्ये तसं नाही. कोणी कितव्या नंबरवर बॅटिंग करायची, पिचर दमला की त्याला कधी काढायचं, हे सगळं मॅनेजर ठरवतो, तेही मॅच चालू असताना. आणि गंमत म्हणजे साठी ओलांडलेला मॅनेजरसुद्धा खेळाडूंसारखाच युनिफॉर्म घालून बसतो. थोडक्यात, टीमचा खरा बॉस तो.

आता मुद्द्यावर येऊ. १९४७ साली जॅकी रॉबिन्सन हा आधुनिक मेजर लीगमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू झाला. त्यानंतर विली मेज आला, हँक आरन आला, एकाहून एक स्टार आले. पण मॅनेजर? एकही नाही. म्हणजे होम रन मारा, स्टेडियम भरून द्या, पण गोऱ्या खेळाडूंना हुकूम सोडायचं काम तुमचं नाही. असा नियम कुठेच लिहिलेला नव्हता आणि पाळत मात्र सगळेच होते. ऑक्टोबर १९७२ मध्ये वर्ल्ड सिरीजच्या वेळी जॅकीचा सत्कार झाला. मधुमेहाने त्याची नजर जवळजवळ गेलेली. तरी माईकवर तो म्हणाला की, एखादा कृष्णवर्णीय मॅनेजर बघायला मिळाला तर मला जास्त आनंद होईल. नऊ दिवसांनी तो गेला.

ती जागा शेवटी ज्याला मिळाली तो फ्रँक रॉबिन्सन. आडनाव तेच, नातं काही नाही.

फ्रँकचा जन्म १९३५ चा, टेक्ससमधला. दहा भावंडांत सगळ्यात धाकटा. वाढला कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये. शाळेच्या बास्केटबॉल टीममध्ये त्याच्यासोबत कोण होता माहितीये? बिल रसेल, जो पुढे बास्केटबॉलचा महान खेळाडू झाला. काय शाळा असेल ती!

१९५६ मध्ये सिनसिनाटी रेड्सकडून पहिल्याच सीझनला त्याने ३८ होम रन मारले आणि नवोदितांमध्ये सर्वोत्तम ठरला. त्याची स्टाइल अशी की, बॅटिंगला प्लेटच्या अगदी जवळ चिकटून उभा राहायचा. पिचर चिडून अंगावर बॉल टाकायचे. त्या वर्षी त्याला २० वेळा बॉल लागला, तरी पठ्ठ्या इंचभर मागे सरकला नाही. स्वभाव तापट होता. १९६१ च्या सुरुवातीला एका हॉटेलात भांडण झालं, त्याने पिस्तूल काढलं आणि अटक झाली, दंडही भरावा लागला. त्याच वर्षी तो नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू, म्हणजे एमव्हीपी, ठरला!

डिसेंबर १९६५ मध्ये रेड्सने त्याला बाल्टिमोर ओरिओल्सला देऊन टाकलं. हा तिशीचा असला तरी तरुण तिशीतला नाही, असं कारण मालकांनी दिलं. पुढच्याच सीझनला या 'म्हाताऱ्या'ने ट्रिपल क्राऊन जिंकला. म्हणजे लीगमध्ये बॅटिंगची सरासरी, होम रन आणि संघासाठी आणलेल्या रन्स, तिन्हीत पहिला नंबर. ४९ होम रन, १२२ रन्स. शिवाय वर्ल्ड सिरीज जिंकली ती वेगळीच. दोन्ही लीगमध्ये एमव्हीपी होणारा तो पहिला खेळाडू. हे दुसऱ्या कोणाला जमायला २०२४ साल उजाडावं लागलं, शोहेई ओहतानीच्या रूपाने. आणि याच हिरोच्या कुटुंबाला त्याच बाल्टिमोरमध्ये रंगामुळे भाड्याने धड घर मिळत नव्हतं.

मॅनेजर व्हायचं त्याच्या डोक्यात तेव्हापासूनच होतं. पण अमेरिकेत शिकायला जागा कोण देणार? म्हणून १९६८ पासून हिवाळ्यात तो पोर्तो रिकोला जायला लागला, सान्तुर्से नावाच्या टीमचा मॅनेजर म्हणून. म्हणजे जग ज्याला सुपरस्टार म्हणून ओळखतं तो माणूस सुट्टीत दुसऱ्या बेटावर जाऊन उमेदवारी करतोय. मला विचाराल तर त्याच्या करिअरमधला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच.

३ ऑक्टोबर १९७४ ला क्लीव्हलँडने त्याला मॅनेजर म्हणून जाहीर केलं. जॅकी येऊन २७ वर्षं झाली होती. ८ एप्रिल १९७५, पहिली मॅच, समोर न्यूयॉर्क यांकीज. पन्नास हजारांहून जास्त लोक. पहिला बॉल टाकायला जॅकीची पत्नी रेचल. फ्रँक तेव्हा खेळाडू-मॅनेजर होता, त्यामुळे बॅटिंगच्या यादीत स्वतःचंही नाव घातलेलं. पहिल्यांदा बॅटिंगला आला आणि होम रन! सिनेमात दाखवलं असतं तर आपण म्हटलं असतं, जरा जास्तच होतंय. क्लीव्हलँड ५-३ ने जिंकलं.

पुढचं मात्र सिनेमासारखं नव्हतं. टीमचा स्टार पिचर गेलॉर्ड पेरी याच्याशी त्याचं जमलं नाही आणि जूनमध्येच पेरी दुसरीकडे गेला. पहिल्या वर्षी ७९ विजय, ८० पराभव. दुसऱ्या वर्षी ८१ विजय. वाईट नाही, पण जून १९७७ मध्ये त्याला काढलं. मग १९८१ ते ८४ सॅन फ्रान्सिस्को, तिथेही शेवट तोच.

आणि १९८७ मध्ये परिस्थिती काय, तर पूर्ण मेजर लीगमध्ये पुन्हा एकही कृष्णवर्णीय मॅनेजर नाही. जॅकीच्या पदार्पणाला ४० वर्षं झाली म्हणून टीव्हीवर कार्यक्रम होता. त्यात लॉस एंजलिस डॉजर्सचे अधिकारी अल कॅम्पॅनिस सरळ बोलून गेले की, मॅनेजर व्हायला लागणारे गुण कदाचित या लोकांत नसतील. दोन दिवसांत त्यांची नोकरी गेली. पण बंद दाराआड काय बोललं जातं, ते देशाने लाइव्ह ऐकलं.

पुढच्या वर्षी, एप्रिल १९८८. बाल्टिमोरने सीझनचे पहिले सहाही सामने हरल्यावर मॅनेजरला काढलं आणि फ्रँकला बोलावलं. त्याच्या हाताखाली टीम आणखी १५ हरली! सलग २१ पराभव. सीझन संपला तेव्हा ५४ विजय, १०७ पराभव. दुसरा कोणी पळून गेला असता. १९८९ मध्ये त्याच टीमने ८७ सामने जिंकले आणि शेवटच्या वीकेंडपर्यंत टोरोंटोशी झुंज दिली. टोरोंटोचा मॅनेजर कोण? सिटो गॅस्टन, तोही कृष्णवर्णीय. पहिल्या नंबरसाठी भांडणाऱ्या दोन्ही टीमचे बॉस कृष्णवर्णीय, कॅम्पॅनिसच्या त्या वाक्यानंतर अडीच वर्षांत. टोरोंटो जिंकलं, पण वर्षातला सर्वोत्तम मॅनेजर फ्रँक ठरला. गॅस्टनने पुढे १९९२ ला वर्ल्ड सिरीजही जिंकली.

२००२ मध्ये, ६६ व्या वर्षी, तो माँट्रियल एक्सपोजला आला. त्या टीमला मालकच नव्हता, लीगच ती चालवत होती आणि पैसा टाकायची कोणाची तयारी नव्हती. २००३ आणि २००४ मध्ये तर काही 'घरच्या' मॅचेस पोर्तो रिकोच्या सान हुआनमध्ये भरवल्या. ज्या स्टेडियममध्ये सान्तुर्से खेळायचं, त्याच! मग टीम वॉशिंग्टनला गेली, सोबत हाही.

मे २००६ मध्ये वॉशिंग्टनचा कॅचर मॅट लेक्रॉय याचा दिवस फार वाईट चालला होता. समोरच्या टीमने सात बेस चोरले. फ्रँकने चालू इनिंगमध्येच त्याला बाहेर काढलं. बेसबॉलमध्ये हा खेळाडूचा अपमान समजतात. टीम ८-५ ने जिंकली, पण नंतर पत्रकारांसमोर ७० वर्षांचा हा खडूस म्हातारा चक्क रडला. लेक्रॉयने काय म्हणावं? माझा बाप मॅनेजर असता तरी त्याने हेच केलं असतं.

त्या सीझननंतर फ्रँकने पुन्हा कुठली टीम सांभाळली नाही. मॅनेजर म्हणून १०६५ विजय, ११७६ पराभव. खेळाडू म्हणून ५८६ होम रन. ७ फेब्रुवारी २०१९ ला लॉस एंजलिसमध्ये तो गेला. सिनसिनाटी, बाल्टिमोर आणि क्लीव्हलँड या तिन्ही टीममध्ये त्याचा २० नंबरचा शर्ट आता दुसऱ्या कोणाला देत नाहीत.

एवढंच. बेसबॉलचे नियम सोप्या भाषेत हवे असतील तर कमेंटमध्ये सांगा, तो भाग वेगळा करू.