घरच्या घरी जुन्या मोटारीचे ब्रेक

गाडी धावते ती इंजिनामुळे, हे लहान मूलही सांगेल. ती थांबते कशामुळे, याची आठवण मात्र ब्रेक लागला नाही म्हणजेच होते. जुन्या मोटारीची हौस करणाऱ्यांनी तर हे आधी ध्यानात घ्यावे.

आपल्या रस्त्यांवर २०१९ सालापासून एमजी नावाच्या गाड्या दिसतात. हे नाव मूळचे इंग्लंडचे, मॉरिस गॅरेजेसचे. ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन गावी १९६२ ते १९८० या काळात एमजीबी नावाची छोटी स्पोर्ट्स मोटार तयार होत असे. पाच लाखांहून अधिक गाड्या तेथून बाहेर पडल्या. त्यांतल्या कितीतरी आजही तिकडे चालतात आणि त्यांचे मालक बरीचशी दुरुस्ती घरच्या अंगणातच करतात. मे २०१८ पासून ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांहून जुन्या, मूळ रूप न बदललेल्या मोटारींना वार्षिक तपासणीची सक्ती राहिली नाही. सवलत चांगली, पण गाडी रस्त्यावर आणण्याजोगी ठेवण्याची जबाबदारी मालकावरच आहे. पूर्वी वर्षातून एकदा तरी परक्या माणसाची नजर ब्रेकवर पडत असे, आता तीही पडेलच असे नाही.

एमजीबीच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक असतात. चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी म्हणजे डिस्क. पायाने पेडल दाबले की कॅलिपरमधील दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी आवळतात. झिजून ती पातळ होते, कडेला कंगोरा उरतो. परंतु हौसेच्या गाडीत झिजेपेक्षा गंजच जास्त नुकसान करतो, कारण अशी गाडी महिनोन्महिने दमट गॅरेजात उभी असते. ब्रेक मारताना पायाखाली पेडल थरथरू लागले, तर डिस्क वाकडी फिरते की काय हे पाहावे.

डिस्क बदलायची ती दोन्ही चाकांची, आणि पॅडही नवेच. एकाच बाजूची बदलली तर ब्रेक मारताना गाडी एकीकडे ओढली जाण्याचा धोका राहतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही हात घालू नये. खाली भक्कम लोखंडी स्टॅण्ड हवेतच. कॅलिपर सोडवल्यावर तो तारेने बांधून ठेवावा, रबरी नळीवर लोंबकळू देऊ नये.

आणखी एक गोष्ट. त्या काळच्या ब्रेक पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे. ब्रिटनने त्यावर १९९९ मध्ये बंदी घातली, तरी जुन्या गाडीत जुना पॅड निघू शकतो. म्हणून ती काळी धूळ फुंकू नये, हवा मारून उडवू नये; ओल्या फडक्याने टिपून घ्यावी. ही धूळ फुप्फुसात गेली तर तिचा परिणाम अनेक वर्षांनी दिसतो. कौतुकाने जवळ आलेल्या मुलांना तेवढा वेळ लांब बसवावे.

अलीकडच्या बहुतेक गाड्यांत कॅलिपर काढला की डिस्क हातात येते. एमजीबीत ती हबच्या मागे चार बोल्टांनी बसवलेली असते. त्यामुळे ग्रीसची टोपी, स्प्लिट पिन आणि मोठा नट काढून हबच बेअरिंगसकट बाहेर घ्यावा लागतो. खरी कसोटी पुढे आहे. बेअरिंगच्या आत शिम नावाच्या पोलादी चकत्या असतात, कागदासारख्या पातळ. डाव्या चाकाच्या डावीकडे, उजव्याच्या उजवीकडे, अशा वेगळ्या ठेवाव्यात. परत बसवताना हबला आतबाहेर फक्त दोन ते चार हजारांश इंच हालचाल राहिली पाहिजे, म्हणजे वहीच्या एका पानाच्या जाडीइतकी किंवा तिच्याहून कमी. मोकळीक कमी पडली तर बेअरिंग तापते. जास्त झाली तर डिस्क डुलते, पॅडना मागे ढकलते आणि पुढच्या वेळी पेडल खोल जाते. हे मोजायला डायल गेज लागते. नुसत्या हाताच्या अंदाजावर विसंबणे मला तरी पटत नाही. नट आवळल्यावर पिनेचे भोक जुळले नाही, तर तो सैल करून जुळवू नये. ठरलेल्या मर्यादेत थोडा आणखी आवळावा. जुनी पिन पुन्हा वापरू नये. ती दिसायला क्षुल्लक असली तरी नट सुटू न देण्याचे काम तिचेच.

नव्या डिस्कवरचे तेल पुसून काढावे. जाड नवे पॅड बसवण्यासाठी कॅलिपरचे पिस्टन मागे सारताना ब्रेक ऑइल टाकीतून वर येते. ते सांडले तर रंग खाते. सगळे बसवून झाल्यावर, गाडी हलवण्यापूर्वी, पेडल घट्ट लागेपर्यंत दाबत राहावे. घरातली मुलगी किंवा मुलगा सीटवर बसून दाबत असेल, तर आपल्याला चाकाशी बसून गळती पाहता येते.

पहिले काही मैल रिकाम्या रस्त्यावर, हळूहळू ब्रेक लावत काढावेत. घरी परतल्यावर चाकाचे नट पुन्हा एकदा पान्याने आवळून पाहावेत.