गोळ्या सहा महिने कशासाठी? – क्षयजंतू व आपली पेशी

क्षयरोगाचे उपचार सुरू होऊन दोन महिने झाले की बहुतेक रुग्णांचा खोकला थांबतो, ताप उतरतो, वजन वाढू लागते. मग नातेवाईक आम्हांस विचारतात, "साहेब, आता गोळ्या कशाला?" प्रश्न रास्त आहे. आमच्या डॉक्टरांकडून समजून घेतलेले त्याचे उत्तर येथे सोप्या शब्दांत मांडीत आहोत.

श्वासावाटे फुफ्फुसात शिरलेल्या जंतूस शरीरातील भक्षक पेशी गिळते व एका पिशवीत कोंडते. त्या पिशवीत आम्ल सोडले जाते आणि पाचकरसांनी भरलेली लयकारिका तिला येऊन मिळते. बहुतेक जंतूंचा तेथेच निकाल लागतो. या कामाचे हुकूम पेशीत प्रथिनांमार्फत जातात. प्रथिनावर फॉस्फेटचा अंश जोडणे वा काढून घेणे, ही पेशीची आज्ञा देण्याची एक रीत. कार्यालयीन भाषेत सांगावयाचे तर हा कागदावरचा शिक्का होय. शिक्का असेल तर कागद पुढे सरकतो. नसेल तर टेबलावरच पडून राहतो.

क्षयजंतू नेमका येथेच हात घालतो. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी सन २००८ मध्ये दाखवून दिले की, कोंडलेला हा जंतू 'पीटीपीए' नावाचे प्रथिन पेशीत सोडतो. ते पेशीच्या एका प्रथिनावरील फॉस्फेटचा शिक्का पुसून टाकते व लयकारिका पिशवीला मिळेनाशी होते. हेच प्रथिन आम्ल सोडणाऱ्या पंपासही पिशवीपासून दूर ठेवते, हे सन २०११ मध्ये स्पष्ट झाले. अशा रीतीने ज्या पेशीने त्याला मारावयाचे, तिच्याच आश्रयास तो राहतो.

तेथे तो सावकाश वाढतो. आतड्यातील ई-कोलाय जंतू अनुकूल स्थितीत सुमारे २० मिनिटांत दुप्पट होतात. क्षयजंतूंस जवळपास एक दिवस लागतो. काही तर निद्रिस्तच राहतात व अशांवर औषध लवकर चालत नाही. म्हणून नेहमीच्या क्षयरोगात पहिले दोन महिने चार आणि पुढील चार महिने तीन औषधे दिली जातात. पहिल्या टप्प्यात बहुतांश जंतू मरतात व रुग्णास आराम पडतो. दुसऱ्या टप्प्यात दडलेले जंतू संपवावयाचे असतात. मध्येच गोळ्या सोडल्यास रोग उलटण्याचा व औषधांना न जुमानण्याचा धोका असतो.

कंधार, मुखेडकडील कित्येक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात. त्यांनी निघण्यापूर्वी अवश्य कळवावे. निक्षय नोंदणीवर दुसऱ्या जिल्ह्यातही सरकारी औषधे विनामूल्य मिळतात. पोषणासाठी शासनाने नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा ५०० ऐवजी १,००० रुपये साहाय्य केले आहे. परंतु विष्णुपुरीपर्यंतचे गाडीभाडे व बुडालेला रोज यांचा भार कुटुंबावरच पडतो.

खाटेवर खंगलेल्या रुग्णासाठी मदत मिळते. हिंडत्या-फिरत्या रुग्णासाठी ती मागणे अवघड जाते. देणगीदारांस नम्र विनंती की, त्या उरलेल्या चार महिन्यांतही आपला हात रुग्णाच्या पाठीवर असू द्यावा.