टाच दुखतेय? रिपोर्ट उद्या सकाळी येतो

आजचा भाग रनिंग करणाऱ्यांसाठी, त्यातही सकाळी बेडवरून उतरल्यावर पहिली चार पावलं भिंत धरून टाकणाऱ्यांसाठी. टाचेखाली, जरा आतल्या बाजूला, खिळा टोचल्यासारखं होतं. बाथरूमपर्यंत जाईस्तोवर बरं वाटतं. मग दुपारी दोन तास मीटिंगमध्ये बसून उठलात की पुन्हा तेच. याला प्लांटर फॅशिआयटिस म्हणतात. माझी उजवी टाच आठ महिने अशी होती. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाली आहे, हे आधीच सांगून ठेवते.

प्लांटर फॅशिया म्हणजे टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत गेलेला तळव्यातला जाड पट्टा. धनुष्याची दोरी असते ना, तसा तो पायाची कमान धरून ठेवतो. ऐकता ऐकता एक करून बघा. पाय जमिनीवर टेकवा आणि हाताने अंगठा वर ओढा. कमान आपोआप वर येते. हिक्स नावाच्या संशोधकाने १९५४ मध्ये हे मांडलं आणि त्याला विंडलास म्हटलं. विंडलास म्हणजे दोर गुंडाळून वजन उचलायचं चाक. धावताना टाच उचलली की दर पावलाला हा दोर ताणला जातो. एका तासाच्या रनमध्ये हजारो वेळा.

आता नावातली गोम. 'आयटिस' म्हणजे दाह. पण २००३ मध्ये लेमाँट आणि सहकाऱ्यांनी ऑपरेशनमध्ये काढलेले ५० नमुने तपासले, तेव्हा त्यांना दाहापेक्षा झीज दिसली. जुनाट दुखण्यात हा फरक फार कामाचा आहे. बर्फ लावला, गोळी घेतली, तर ठणका कमी होतो, पण पट्टा मजबूत होत नाही. नुसत्या आरामाचंही तसंच. तीन आठवडे पाय वर करून बसलात की दुखायचं थांबतं, त्या काळात पोटरी आणि तळवा आणखी कमजोर होतात, आणि पहिल्याच पाच किलोमीटरला टाच पुन्हा बोलायला लागते. या पट्ट्याला भार हवा असतो, फक्त मोजून दिलेला.

तो कसा द्यायचा? डेन्मार्कमधल्या मायकेल रॅथलेफ यांच्या टीमचा २०१५ चा अभ्यास आहे, ४८ जणांवर केलेला. निम्म्यांनी तळव्याचं स्ट्रेचिंग केलं, निम्म्यांनी वजन घेऊन टाचा उचलल्या. पायरीच्या कडेवर दुखऱ्या पायाचा चवडा ठेवायचा आणि बोटांखाली टॉवेलची गुंडाळी. गुंडाळीमुळे बोटं वर राहतात, म्हणजे तोच विंडलास ताणला जातो. ३ सेकंदांत टाच वर, २ सेकंद थांबायचं, ३ सेकंदांत खाली. एका दिवसाआड. सुरुवातीला १२ वेळा असे ३ सेट, मग पाठीवरच्या बॅगेत वजन वाढवत १० वेळा ४ सेट, पुढे ८ वेळा ५ सेट. एका पायावर झेपत नसेल तर आधी दोन्ही पायांवर. मी लॅपटॉपच्या बॅगेत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या टाकायचे. बिल्डिंगच्या जिन्यात शेजारच्या काकू विचारायच्या, "अगं, लिफ्ट बंद आहे का?"

तीन महिन्यांनी व्यायामवाले पुढे होते. वर्षभराने मात्र दोन्ही गट जवळपास सारखे झाले. म्हणजे ही जादू नाही. पण रनरला तीन महिन्यांचा फरक किती वाटतो, ते मी सांगायला नको.

मला स्वतःला सगळ्यात उपयोगी पडली ती एक साधी नोंद. धावताना टाच गरम होते आणि दुखणं दबतं, त्यामुळे त्या वेळचं "आज मस्त वाटतंय" यावर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. खरा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी सकाळी येतो. म्हणून रोज उठल्यावर पहिल्या पावलांना ० ते १० पैकी मार्क द्यायचे, फोनमध्ये. कालच्या रननंतर आकडा नेहमीइतकाच असेल तर तेवढंच अंतर पुन्हा. दोन आठवडे स्थिर राहिला तर थोडं वाढवायचं. चढला तर मागे. मी एक मिनिट पळणं, एक मिनिट चालणं इथून सुरू केलं, तेही सपाटीवर. तळजाईची चढण शेवटी ठेवली, कारण चढावर पोटरी आणि पट्टा दोघांवर ताण वाढतो.

घरातली फरशी हाही एक विषय आहे. आपण घरात अनवाणी फिरतो, ओट्यापाशी तासभर उभे राहतो. बेडजवळ मऊ, घरातच वापरायची चप्पल ठेवा. माझ्या आईला हे पटायला महिना लागला.

आता इंजेक्शन. जानेवारीत मुंबई मॅरेथॉन असते, त्यामुळे डिसेंबरात "एक स्टेरॉइडचं घेऊन टाकू का" हा प्रश्न ठरलेला. त्याने काही आठवडे आराम पडतो, हे खरं. पण पट्टा फाटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी पातळ होण्याचा धोका असतो. दुखणं दबलेलं असताना २१ किलोमीटर पळायचं म्हणजे धोक्याची घंटा काढून ठेवून पळणं. मी त्या वर्षी बिब नंबर घरीच ठेवला आणि मैत्रिणीला चीअर करायला गेले. वाईट वाटलंच.

आणि प्रत्येक टाचदुखी ही नसते. टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर कळ येत असेल, रात्री झोपेत दुखत असेल, तर हाडाला बारीक तडा गेलाय का ते बघायला हवं. मुंग्या, बधिरपणा असेल तर नस दबलेली असू शकते. दोन्ही टाचा दुखतात आणि सकाळी कंबरही अर्धा तास आखडलेली असते, असं तरुण वयात होत असेल तर संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा. एक्स-रेमध्ये हाड वाढलेलं दिसलं म्हणून मात्र घाबरू नका, काहीही न दुखणाऱ्या कितीतरी लोकांच्या टाचेतही ते सापडतं.

पुढच्या भागात बुटांबद्दल बोलू.