रिमोटचा सेल संपला तरी गाडी उघडते, आणि सुरूही होते!

आजचा भाग छोटा आहे, पण ऐकून झाल्यावर लगेच पार्किंगमध्ये जाऊन करून बघावा असा आहे. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं, त्यांच्यासाठी हा लिखित मजकूर.

विषय साधा आहे. पुश बटणवाली गाडी, खिशात स्मार्ट चावी. रात्री उशिरा बेसमेंटमध्ये गाडीजवळ येता, हँडलवरचं बटण दाबता आणि काहीच होत नाही. दिवे लुकलुकत नाहीत, लॉकचा आवाज नाही. अशा वेळी बरेच जण घाबरून चावीवाल्याला नाहीतर टोइंगवाल्याला फोन लावतात. खरं तर गाडी उघडायची आणि सुरू करायची सोय त्या वेळी तुमच्या हातातच असते. फक्त ती कुठे आहे हे कुणी सांगितलेलं नसतं.

एका चावीत तीन वस्तू

हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळं आपोआप कळतं. तुमच्या त्या प्लास्टिकच्या डबीत तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली, रिमोट. हा रेडिओ सिग्नल पाठवतो. त्याला सेल लागतो. सेल संपला की हा गप्प.

दुसरी, धातूची साधी चावी. डबीच्या कडेला छोटा खटका असतो. तो दाबून किंवा सरकवून ओढलं की ही चावी बाहेर येते. तिला सेलशी काही देणंघेणं नाही. ती फक्त दार उघडते.

तिसरी, चिप. गाडीचं इंजिन या चिपला ओळखल्याशिवाय सुरूच होत नाही. या व्यवस्थेला इमोबिलायझर म्हणतात. गाड्यांच्या चोऱ्या कमी व्हाव्यात म्हणून युरोपात 1998 पासून नव्या गाड्यांना तो सक्तीचा झाला. गंमत अशी, की या चिपला स्वतःचा सेल लागत नाही. चिप गाडीतल्या अँटेनाच्या अगदी जवळ नेली, की अँटेनाच्या चुंबकीय क्षेत्रातूनच तिला लागेल तेवढी वीज मिळते आणि ती आपला कोड सांगते. मेट्रोचं कार्ड मशीनवर टेकवता ना, साधारण तसंच.

म्हणजे सेल संपल्यावर तीनपैकी एकच गोष्ट बंद पडते. दार उघडायला साधी चावी आहे, इंजिनासाठी चिप आहे.

आधी ओळखा: सेल कुणाचा संपलाय?

रिमोट अगदी दाराजवळ नेऊन बटण दाबून बघा. सेल अर्धमेला असेल तर जवळून चालून जातो. रिमोटवर छोटा लाल दिवा असेल आणि तो लागतच नसेल, तर संशय रिमोटच्या सेलवर. दिवा नीट लागतोय पण गाडी ढिम्म आहे, तर कदाचित गाडीचीच बॅटरी उतरली असेल. दार उघडल्यावर आतला दिवा आणि डॅशबोर्ड लागतो का, त्यावरून नक्की कळतं.

आणखी एक. जवळ मोठा मोबाईल टॉवर असेल, किंवा चावी फोनला चिकटून एकाच खिशात असेल, तर सिग्नलमध्ये अडथळा येऊ शकतो. चावी फोनपासून लांब करून एकदा बघा.

दार उघडताना

डबीतून साधी चावी काढा आणि ड्रायव्हरच्या दाराकडे जा. बहुतेक गाड्यांत चावीचं भोक फक्त त्याच दाराला असतं.

भोक दिसत नाहीये? मग ते हँडलशेजारच्या प्लास्टिकच्या कॅपखाली लपलेलं असणार. त्या कॅपला खालच्या बाजूने बारीक खाच असते. हँडल बाहेर ओढून धरा, चावीचं टोक खाचेत घाला आणि हलकेच उचला. कॅप निघते. जोर लावू नका, रंगावर ओरखडा उठतो. कॅप खिशात टाका, अंधारात पडली तर सापडायची नाही.

आता चावी पूर्ण आत घाला आणि फिरवा. एका बाजूला फिरली नाही तर दुसऱ्या. काही गाड्यांत हँडल ओढून धरूनच चावी फिरवावी लागते. वर्षानुवर्षं न वापरलेलं कुलूप धुळीने आणि पावसाने जाम होतं, त्यामुळे थोडं मागेपुढे करावं लागेल. पण चावी पिळू नका, ती बारीक असते.

सायरन वाजला तर

वाजू शकतो, आधीच सांगून ठेवते. गाडी रिमोटने लॉक केली होती आणि आता साध्या चावीने उघडली जातेय, म्हणून बऱ्याच गाड्यांना वाटतं की कुणीतरी घुसतंय. वॉचमन धावत येईल, सोसायटीतले चार लोक गॅलरीतून डोकावतील. दचकू नका. आत बसा आणि गाडी सुरू करा. गाडीने चिप ओळखली की सायरन थांबतो.

गाडी सुरू करताना

डॅशबोर्डवर ‘चावी सापडत नाही’ अशा अर्थाचा मेसेज दिसेल. तो बघून धीर सोडू नका. ऑटोमॅटिक असेल तर ब्रेक दाबा, मॅन्युअल असेल तर क्लचसुद्धा. मग रिमोटची डबी थेट स्टार्ट बटणाला टेकवा. काही कंपन्यांच्या गाड्यांत डबीनेच बटण दाबायचं असतं. काहींत आधी टेकवायची, बीप ऐकायचा किंवा दिवा बघायचा आणि मग बोटाने बटण दाबायचं. काही गाड्यांत टेकवायची जागा स्टेअरिंगच्या दांड्याजवळ किंवा मधल्या कप्प्यात असते.

इथे एक महत्त्वाची गोष्ट. चिप डबीत आहे, धातूच्या चावीत नाही. त्यामुळे नुसती धातूची चावी जवळ ठेवून डबी घरी विसरलात, तर दार उघडेल पण इंजिन सुरू होणार नाही.

‘वाटेत इंजिन बंद पडेल का?’ नाही. एकदा सुरू झालेलं इंजिन रिमोटचा सेल संपलाय म्हणून बंद पडत नाही. पण चहाला थांबून इंजिन बंद केलंत, तर पुन्हा हाच सगळा खटाटोप.

फोल्डिंग चावी असणाऱ्यांचं काम तर आणखी सोपं. तुमच्या चावीतही चिप आहे आणि ती स्टेअरिंगजवळच्या कुलपाशी आपोआप वाचली जाते. दार चावीने उघडा, चावी लावून फिरवा, झालं.

गाडीचीच बॅटरी उतरली असेल तर

साध्या चावीने दार तेव्हाही उघडतं. मात्र फक्त ड्रायव्हरचं. बाकीची दारं आतून हाताने उघडा. इलेक्ट्रिक बटणावर चालणारी डिक्की बहुधा उघडणार नाही, त्यामुळे जंप केबल डिक्कीत ठेवली असेल तर मागची सीट पाडून काढावी लागेल. बॉनेटचा खटका मात्र तारेवर चालतो, तो उघडतो. मग जंप स्टार्ट.

मूल आत अडकलं असेल तर

चावी आत, मूल आत आणि दारं लॉक. ही वेळ वेगळी आहे. बंद गाडी उन्हात काही मिनिटांतच तापते आणि लहान मुलांचं अंग मोठ्यांपेक्षा लवकर तापतं. दुसरी चावी हाताशी असेल तर वापरा. ती दूर घरी असेल तर वाट बघत बसू नका. 112 ला फोन करा. मूल गळून गेलेलं, घामाघूम किंवा सुस्त दिसत असेल, तर त्याच्यापासून सगळ्यात लांबची बाजूची काच कोपऱ्यात फोडा. पुढच्या काचेवर वेळ घालवू नका, ती दोन थरांची असते आणि सहजासहजी फुटून पडत नाही. काच नवीन बसवता येते.

आजच करायच्या चार गोष्टी

एक, दिवसाउजेडी एकदा सराव करा. साधी चावी काढा, कॅप उघडा, दार उघडा, डबी टेकवून गाडी सुरू करा. मग दोन-तीन महिन्यांनी एकदा कुलूप फिरवत जा, म्हणजे ते जाम होणार नाही.

दोन, गाडीच्या मॅन्युअलची पीडीएफ फोनमध्ये डाउनलोड करून ठेवा. छापील मॅन्युअल ग्लव्ह बॉक्समध्ये असतं, म्हणजे नेमकं कुलूपबंद गाडीत! आणि बेसमेंटमध्ये नेटवर्क असेलच असं नाही. ॲपवरून गाडी उघडणाऱ्यांनो, हे तुमच्यासाठीही.

तीन, ‘चावीचा सेल कमी’ असा मेसेज आला किंवा रिमोट जवळूनच चालायला लागला, की सेल बदला. बऱ्याच रिमोटमध्ये 3 व्होल्टचा सीआर 2032 असतो. 20 म्हणजे 20 मिलिमीटर व्यास, 32 म्हणजे 3.2 मिलिमीटर जाडी. कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवरही हाच असतो, त्यामुळे घड्याळाच्या दुकानातही मिळतो. घेण्याआधी जुन्या सेलवरचा नंबर बघा, कारण काही रिमोटना दुसऱ्या मापाचा लागतो. आणि जुना सेल टेबलावर सोडू नका. लहान मुलाने गिळला तर अन्ननलिकेला दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. गिळल्याचा नुसता संशय आला तरी थेट हॉस्पिटल गाठा.

चार, नवीन गाडीसोबत बऱ्याचदा चावीचा नंबर कोरलेली छोटी पट्टी मिळते. ती गाडीत ठेवू नका, घरी कागदपत्रांसोबत ठेवा. चावी हरवली तर नवीन बनवायला हाच नंबर लागतो. दुसरी चावीही कपाटाच्या तळाशी पुरून ठेवू नका, घरातल्या सगळ्यांना ती कुठे आहे ते माहीत हवं.

बस, एवढंच. घरात आई-बाबा किंवा ताई-दादा पुश बटणवाली गाडी चालवत असतील, तर त्यांना हा भाग नुसता फॉरवर्ड करू नका, सोबत खाली जाऊन एकदा करून दाखवा. तुमच्या गाडीत डबी नेमकी कुठे टेकवावी लागते, ते कमेंटमध्ये लिहा, तीच गाडी असलेल्या दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल. भेटू पुढच्या भागात!